ओटीतल्या गोळ्या

कालिंदीच्या डोहाळजेवणाला तिच्या गिरणीचे साहेब स्वतः आले. सासूबाईंनी ओटी भरताच साहेबांनी नारळावर झोप उडवणाऱ्या गोळ्यांचं पाकीट ठेवलं.

"सोनमुळीचा काढा घेतेस ना? मग पोटातल्या बाळाला अफूसुद्धा बाधायची नाही. कर खुशाल दोन-दोन पाळ्या!"

"आत्ताच पाजलाय," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

"आई, बाळ वाचतं हो. पण त्या गोळ्यांनी माझं काळीज धडधडतं, त्याचं काय?"

"तुझ्यासाठी कुठं आहे तो काढा?" पुरणपोळी चावत साहेब हसले. त्यांच्या मिशीवरून तूप ओघळलं. ते पाहून कालिंदी भडाभडा त्यांच्या धोतरावर ओकली.

"अगं, काढा पडला! आता बाळाला कोण राखणार?" सासूबाई किंचाळल्या.

"पडू दे," तोंड पुसत कालिंदी म्हणाली. "आता तरी मला गोळी द्यायला घाबराल."