रेघांचा कागद

दुरुस्ती खातेवाल्यांनो, पाइप गळतो म्हणून तुम्ही कोपरा फोडलात. आठ महिने तो जबडा तसाच उघडा ठेवलात. शेवटी बुजवलात, तोही पोट सुटलेल्या माणसासारखा! आणि आज दुपारी तुमचा साहेब फॉर्म घेऊन येणार : ‘दुरुस्ती समाधानकारक’, करा सही. सही झाली की तो वाकडा कोपरा जन्माचा वहिनीच्या गळ्यात. लाज कशाशी खातात, ठाऊक आहे?

नणंद शिडीवर उभी होती. घरोघरच्या भिंतींना कागद लावणं हा तिचा बावीस वर्षांचा धंदा. पुट्टी घासून, अस्तर मारून कालच झालं होतं. खळ लावलेली कागदाची पट्टी घडी घालून मुरत ठेवलेली. उभी सरळ रेघ बघायला दोरीला वजन बांधलेला ओळंबा सोडला आणि तिनं कपाळावर हात मारला.

“वहिनी, कोपरा तीन बोटं कललाय! तरी सांगत होते, फुलांचा कागद घे. फुलांत सगळं खपतं. तू आणल्यास उभ्या रेघा. सगळं उघडं पडेल ना!”

“पडू द्या की, वन्सं.”

“लोक मला हसतील.”

“लोक कशाला येतात? एकालाच बोलावलंय.”

नणंदेचा ब्रश हवेतच थांबला. मग ती अशी हसली की शिडी डुगडुगली.

“अगं, पण कोपरा पुन्हा फोडला तर माझा कागद जाईल!”

“मग उरलेली दोन भेंडोळी मी काय पांघरायला आणलीत?”

नणंदेनं जीव ओतून काम केलं. एकेक पट्टी ओळंब्याला धरून, बुडबुडा म्हणून राहू दिला नाही. कोपऱ्याशी शेवटची निळी रेघ वर तीन बोटं रुंद होती. खाली येता येता सुईसारखी होऊन गडप झाली.

साहेब आला. आधी भिंतीकडे पाहिलं, मग मान तिरकी करून पाहिलं.

“कागद वाकडा लागलाय, ताई.”

नणंदेचे कान तापले. वहिनीनं मात्र हसतहसत ओळंब्याची दोरी साहेबाच्या हातात दिली. “धरा बघू कुठल्याही रेघेला.”

साहेबानं धरली. दोरी आणि रेघ, जुळ्या बहिणी.

“वाऱ्यानं हलतेय ती,” साहेब म्हणाला.

“खिडकी बंद आहे,” नणंद म्हणाली.

साहेबाच्या एका हातात दोरी, दुसऱ्या हातात फॉर्म. वहिनीनं पेनाचं टोपण काढलं.

“इथे ‘शेरा’ म्हणून जागा कोरी सोडलीत, साहेब. तुमच्या हातानं लिहा, खाली मी लगेच सही करते. वाकडं काय आहे, कागद की कोपरा?”