तळ्याकाठची झोप

“बाबा, हलू नका ना!”

“हललो कुठे? श्वास घेतला.”

“श्वास घेताना कोणी पाना उचलतं का?”

बाबांनी हातातल्या पान्याकडे असं बघितलं, जसा काही तो स्वतःच उडी मारून हातात आला होता. तेवढ्यात फोन वाजला. कुणाच्या तरी बाथरूममध्ये पाणी तुंबलं होतं. बाबा गेलेसुद्धा. कागदावर राहिलं एक नाक आणि अर्धी मिशी.

भिंगरीने कपाळावर हात मारला. घरात तिला भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी ठरत नसे. हा गुण कुणाकडून आला ते सांगायलाच नको. बाबा प्लंबर. जेवतानाही त्यांचा एक कान नळाकडे असायचा.

शाळेतून एकच चित्र शहरातल्या मोठ्या प्रदर्शनाला जाणार होतं. विषय, ‘निसर्गातला विसावा’. समोर खरा माणूस हवा, फोटोवरून चालणार नाही. सोमवारी द्यायचं. आणि भिंगरीला ते चित्र आपलंच हवं होतं, अगदी पोटातून. परवा-परवापर्यंत ती वहीच्या मागच्या पानांवर चोरून चित्रं काढायची. यंदा सरांनी त्यातलं एक फळ्यावर लावलं आणि तेव्हापासून तिची मान जरा ताठच झाली होती.

“विसावा, आणि तोही या घरात?” मामा म्हणाला. “त्यापेक्षा वाघ काढ. लवकर सापडेल.”

रविवारी आईने सगळ्यांना ओढत तळ्यावर नेलं. डबे रिकामे झाले. बाबांनी चपला काढल्या, झाडाखाली आडवे झाले, टोपी डोळ्यांवर ओढली आणि थोड्या वेळाने चक्क घोरायला लागले.

भिंगरीने रंगांची पेटी उघडली. मग सुरू झाला सगळा चोरांचा कारभार.

“हळू चाव ना ती काकडी!” आई मामाला दटावत कुजबुजली.

“काकडी हळू चावता येत नाही, ताई. ती आवाज करण्यासाठीच जन्माला येते.”

“मग गिळ.”

बाबांच्या खिशातला फोन वाजला. सगळ्यांचे श्वास अडकले. एरवी पहिल्या रिंगला ताडकन उठणारे बाबा जागचे हलले नाहीत. आईने दोन बोटांनी फोन अलगद काढला आणि बंद केला.

“आज भावजींच्या कानाशी ढोल बडवला तरी उठायचे नाहीत,” मामा म्हणाला. “किती गरीब दिसतायत बघ! जागेपणी हाच माणूस माझ्यावर खेकसतो, खरं वाटत नाही.”

“दमतात रे फार,” आई म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला. “दिवसभर लोकांची तुंबलेली घाण काढतात आणि घरात शिरताना हसत शिरतात. मला अजून आवडतं ते हसणं.”

“मग सांग की त्यांना!”

“वेडा आहेस का? डोक्यावर चढून बसतील.”

मामा फसकन हसला. टोपी जराशी हलली.

“मेलो! उठले वाटतं.”

पण लगेच टोपीखालून एक दणदणीत घोरणं आलं आणि दोघांचाही जीव भांड्यात पडला.

भिंगरीचं यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. ती झाडाची सावली निळी करत होती. पोटावर ठेवलेले हात, वर आलेली दाढी, उघडे पाय, पायांची बोटं. दिसत होतं तसं काढत होती. ऊन सरकत होतं म्हणून हात भराभर चालत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच भिंगरी इतका वेळ एका जागी बसली होती.

“झालं!” ती शेवटी केवढ्यांदा ओरडली!

बाबा उठले, धावतच तळ्याशी गेले आणि पाण्यात पाय सोडून बसले.

“काय झोप लागली म्हणून सांगू!” ते म्हणाले.

सोमवारी सरांनी चित्र खिडकीजवळ नेऊन निरखलं. “सुरेख. हेच पाठवू या. फक्त पायाची बोटं चुकलीत, तेवढी बदल.”

“चुकली नाहीत, सर.”

“अगं, झोपेत बोटं सैल पडतात. तू ती मुठीसारखी आवळून काढलीस.”

“मी पाहिलं तेच काढलंय. खोटं कसं काढू?”

भिंगरी आपल्याच आवाजाने दचकली. सरांनी चष्मा काढला. “असं? मग उद्या पालकांना घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या वर्गात आई-बाबा छोट्या बाकांवर कसेबसे मावून बसले होते.

“मुलगी हट्टी आहे,” सर म्हणाले. “प्रदर्शनवाले हीच चूक पहिली धरतील. ती बोटं खरोखर पाहून काढलीयत असं मला कोणी पटवून दिलं, तर मी चित्र आत्ताच्या आत्ता असंच पाठवतो. नाहीतर दुसरं जाईल. झोपलेल्या माणसाची बोटं अशी नसतातच.”

“बदल ना गं राणी,” आई हळूच म्हणाली. “दोन बोटांसाठी सगळं घालवतेस?”

भिंगरीने ब्रश उचलला. तिला स्वतःच्याच डोळ्यांची शंका यायला लागली होती. ब्रशाच्या टोकाला रंगाचा थेंब जमला, आता पडेल, मग पडेल. तिने बाबांकडे बघितलं. ते केव्हाचे चित्राकडेच बघत होते.

“सरांचं बरोबर आहे,” बाबा म्हणाले. “झोपलेल्या माणसाची अशी नसतात.”

भिंगरीचे डोळे भरून आले.

“पण पोरीचंही बरोबर आहे, सर. लाल मुंग्या चावत असताना माणूस बोटं आणखी कशी ठेवणार?” बाबा म्हणाले, आणि आईकडे बघून गालातल्या गालात हसले.