पाठीवरचा हात

घाटाचं शेवटचं वळण समोर होतं आणि वासंतीची सायकल नुसती रांगत होती. सगळ्यात हलका गिअर कधीच टाकून झाला होता. गेल्या वर्षी इथंच तिनं पाय टेकला होता. तेव्हापासून रोज पहाटे ती गावाजवळची टेकडी चढत होती, ते एकदा पाय न टेकता हा माथा गाठायचा म्हणून.

तेवढ्यात पाठीवर पंजा पडला आणि सायकल आपसूक पुढे निघाली. शेजारी त्यांच्या सायकल क्लबचा कॅप्टन होता, तिच्या मुलाच्या वयाचा. “दमलात काकू! मी आहे ना!”

“हात काढ!” असं तिला ओरडायचं होतं, पण धाप लागून शब्दच फुटेना. ब्रेक दाबावा, तर पाय टेकावा लागणार. त्यानं आणखी जोर लावला आणि तिला थेट माथ्यावर नेऊन सोडलं.

वर टाळ्या पडल्या. कुणीतरी भज्यांची प्लेट पुढे केली. “आमच्या काकूंनी घाट मारला बरं का!” कॅप्टन सगळ्यांना कौतुकानं सांगत सुटला.

वासंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं भजी तशीच परत केली, घोटभर पाणी प्यायलं आणि सायकल उताराकडे वळवली.

“अहो काकू, कुठे निघालात?”

“पायथ्याला. घाट चढायचा राहिलाय माझा,” ती म्हणाली. “आणि मी वर येईपर्यंत तू हात खिशात घालून बस.”