मृण्मयीची गाडी

कुंदाताईंनी अ‍ॅम्ब्युलन्सचं मागचं दार उघडलं. स्ट्रेचरवरचं प्लॅस्टिक अजून निघालंच नव्हतं. त्यांनीच दवाखान्याला दिलेल्या या गाडीवर त्यांच्या गेलेल्या लेकीचं, मृण्मयीचं नाव होतं. दर पुण्यतिथीला दवाखाना त्यांना हार घातलेल्या गाडीचा फोटो पाठवायचा. यंदा त्या न कळवताच येऊन थडकल्या होत्या.

“गाडी अशी पडून?”

नर्सबाई ओशाळल्या. “ड्रायव्हर नाही, ताई. गाडी द्यायला लोक पुढे येतात. ड्रायव्हरचा पगार कोण देतो?”

कुंदाताईंना स्वतःचेच शब्द आठवले. ‘पगारबिगाराला मी पैसे देणार नाही. माझ्या पोरीचं नाव दिसलं पाहिजे.’

“मग पेशंट तालुक्याला कसे नेता?”

“झोळीत घालून. परवा साप चावलेली एक चिमुरडी नेली, या गाडीसमोरूनच. ‘कोणाची गाडी?’ विचारत होती. मी म्हटलं, मृण्मयीची. तर म्हणते, ‘मग तिला सांगा ना, मला ने म्हणून.’”

“पोचली ती?”

नर्सबाई उतारावरच्या पायवाटेकडे नुसत्या बघत राहिल्या.

कुंदाताईंनी पुढे होऊन गाडीवरचं नाव पदराने झाकून धरलं, लेकीचे कान झाकावेत तसं.