सुरुवातीच्या अकरांत

क्लब बदलता बदलता त्याचं निम्मं आयुष्य बसमध्ये गेलं होतं. तो फुटबॉलच्या खालच्या लीगमधला बचावपटू; कुणी जखमी झालं की त्याला उतरवायचं आणि तो माणूस बरा झाला की हा पुन्हा बाकावर. म्हणून हंगामाच्या शेवटच्या सामन्याला प्रशिक्षक "आज तू सुरुवातीपासून खेळणार" म्हणाले, तेव्हा त्याने लगेच बायकोला फोन लावला. "लेकीला घेऊन ये. तिचा बाबा एकदाचा खेळताना दिसू दे तिला."

मैदानात उतरताना प्रशिक्षकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "त्यांचा तो नवा स्ट्रायकर भारी पडतोय सगळ्यांना. त्याला मोकळं सोडू नकोस. थेट अंगावर जा."

तो जीव तोडून अंगावर गेला. पहिल्याच झटापटीत त्या पोराचा पाय मोडला. हाडाचा आवाज त्यालाही ऐकू आला. पंचांनी लाल कार्ड दाखवलं. सगळं स्टेडियम त्याला शिव्या घालत होतं आणि त्या गर्दीत त्याची लेक आईच्या कुशीत तोंड खुपसून रडत होती.

सामना त्याच्याच संघाने जिंकला. कपडे बदलायच्या खोलीत तो मान खाली घालून बसला होता. प्रशिक्षकांनी आत येऊन सगळ्यांत आधी त्यालाच मिठी मारली.

"सर, लेकीची शपथ, मुद्दाम नाही केलं मी. आता बंदी लागेल ना हो मला?"

"लागू दे की. पुढच्या हंगामात तुला ठेवायचंच नाहीये, म्हणून तर आज तुला उतरवलं."