कुंडीतली ओल

सकाळी सहा वाजता राजश्रीने पडवीतल्या लहान कुंडीत बोट घातलं. माती आजही ओली होती. स्प्रिंगसारख्या वळलेल्या पानांचं हे रोप नवरा बोटीवर जाताना तिच्या हवाली करून गेला होता. "महिन्यातून दोनदाच पाणी, नाहीतर कुजेल," एवढंच त्याने बजावलं होतं. आठवडाभर त्याच्या बोटीशी संपर्क नव्हता आणि इकडे रोपाचा बुंधा मऊ पडत चालला होता.

"आई, तुळशीबरोबर ह्यालाही पाणी घालता ना?"

"माज्या पोराचा झाड मी कुजवीन काय गो?" यमुनाबाई फणकारल्या. "तुज्या सासऱ्यांना इचार."

"मी त्याच्याकडं बघत पण नाय," सासरे म्हणाले आणि ओला हात त्यांनी लुंगीला पुसला.

राजश्रीने कुंडी उचलून आपल्या खोलीत नेली. दुपारी दार लावून तिने बोटीच्या कंपनीच्या ऑफिसला फोन केला. "अजून काही कळलेलं नाही, मॅडम," तिकडून रोजचंच उत्तर आलं.



फोन ठेवून तिनेही पेलाभर पाणी त्या ओल्या कुंडीत ओतलं. संध्याकाळपर्यंत बोटीची खबर आली नाही.