सीटखालच्या खिडक्या

नागपंचमीच्या संध्याकाळी व्यंकटला कळलं, तलावात नाव उलटली आणि त्याची बायको अंबिका बुडून गेली. फायबरची ती नाव त्यानंच बनवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर ओढून ठेवलेल्या नावेत तो कटर घेऊन बसला.

"आता काय कापायलास, व्यंकट?" नावेचे मालक अंकुशराव म्हणाले.

"लाइफ जॅकेटं आतच हायत, मालक. सीटांखालच्या खोक्यात भरून मीच वरून सीटा चिकटवल्या. काढायला खिडक्या कापायच्या राहिल्या."

"मग काल कामून कापलं न्हाईस?"

"कटर चालू केलता. अंबिकाच म्हणली, पंचमीला कापू-चिरू न्हाई. उद्या कापा, आज मला तुमच्या नावेत बसू द्या."

त्यानं कटर सीटवर टेकवला. बटण दाबवेना.

सीटा सहा आहेत. एकही खिडकी अजून कापलेली नाही.